मांडीवरच्या वयाचं पाळणाघर

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघराची पाटी आहे. नावाखाली हाताने रंगवलेली दुसरी ओळ : ‘वय सहा महिने ते दीड वर्ष. एका वेळी पाचच बाळं.’ ही ओळ वाचून बरेच पालक दारातूनच परत फिरतात. कुणाला तीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा एकाच ठिकाणी ठेवायचे असतात. कुणाला दहावीपर्यंत पुन्हा शोधाशोध करावी लागू नये अशी एकदाच सोय हवी असते. डोंबिवली, ठाणे, मुलुंड, पुण्यातलं कर्वेनगर, सगळीकडे घरगुती पाळणाघर म्हटलं की झोळीतल्या बाळापासून शाळेतून येऊन जेवून क्लासला जाणाऱ्या पोरापर्यंत सगळी गर्दी एकाच हॉलमध्ये असते. फक्त मांडीवरची बाळं सांभाळणाऱ्या बायका फार थोड्या. या लेखासाठी अशा बायकांकडे जाऊन बसले, त्यांच्या वह्या बघितल्या, त्यांच्या दारात सकाळी चपला काढणाऱ्या आयांशी बोलले. नावं कुणाचीच देत नाही. त्यांना तसंच हवं होतं.

डोंबिवलीच्या या बाईंना सगळे काकू म्हणतात. पंचवीसेक वर्षं त्या हे काम करतायत. सुरुवातीला त्यांच्याकडेही सगळ्या वयाची मुलं होती. मग एका दुपारी एक प्रसंग घडला. चार वर्षांच्या एका मुलाने आपल्या डब्यातला शेंगदाणा आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात घातला. प्रेमाने. बाळाला खाऊ द्यायचा असतो एवढंच त्याला माहीत होतं. काकू ओट्याशी दूध गरम करत होत्या. बाळ रडलं नाही म्हणूनच त्यांनी वळून पाहिलं, कारण शेजारचं पोर हसत होतं आणि बाळाचा आवाज थांबला होता. त्यांनी बाळाला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि तळव्याने पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध थापट्या मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापटीला दाणा बाहेर आला. ‘बाळ रडलं तेव्हा मी खाली बसले,’ त्या म्हणतात, ‘आणि त्या चार वर्षांच्या पोराला जवळ घेतलं. त्याचा काय दोष? दोष माझ्या हॉलचा.’

त्या वर्षअखेरीला त्यांनी मोठी मुलं घेणं बंद केलं.

हॉलचा दोष म्हणजे काय, ते जमिनीवर बसून पाहिलं की कळतं. सहा महिन्यांचं बाळ पालथं पडून मान उचलतं, तिथेच गोल फिरतं, हाताला येईल ते तोंडात घालतं. त्याच्यासाठी जमीन हेच सगळं जग असतं. अडीच वर्षांचं पोर त्याच जमिनीवरून धावतं. त्याला वळायला वेळ लागतो, थांबायला त्याहून जास्त. त्याच्या खेळण्यांत मणी असतात, ठोकळे असतात, गाडीच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. पाच वर्षांच्या मुलाला बाळ खूप आवडतं, आणि आवडतं म्हणून तो त्याला उचलायला जातो. मोठ्या घरात, अंगणात, चार माणसांच्या देखरेखीत हे सगळं निभतं. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात, एक बाई ओट्याशी आणि एक न्हाणीघरात असताना निभत नाही. काकूंच्या हॉलमध्ये आता जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत एकही अशी वस्तू नाही जी बाळाच्या घशात जाईल. टेबल नाही, टीपॉय नाही. कोपऱ्यात गाद्यांची चळत, खिडकीशी पाच पाळण्यांची रांग आणि मधे रिकामी सतरंजी. एकच वय ठेवलं की घर त्या वयाच्या मापाचं करता येतं.

सकाळी सव्वासातला पहिली आई येते. तिला सात पन्नासची लोकल पकडायची असते. काकूंचा नियम असा की बाळ दारात हातातून हातात द्यायचं नाही. आईने आत यायचं, बसायचं, पाच मिनिटं पाजायचं, मग उठायचं. तेवढ्या वेळात काकू तिला तीन गोष्टी विचारतात. रात्री किती झोपलं? सकाळी शी झाली का? शेवटचं दूध कधी? उत्तरं लांबट वहीत जातात. या वह्या मला फार मोलाच्या वाटल्या. प्रत्येक बाळाला दिवसाचं एक पान. दूध किती मिली, वाटीतलं खाणं किती चमचे, झोप किती ते किती, शू किती वेळा, शीचा रंग, अंग गरम वाटलं का. एका पानावर लिहिलं होतं : ‘११.४० – डावा कान सारखा चोळतोय.’ दुसऱ्या दिवशीच्या पानावर डॉक्टरांचं नाव आणि कानात जंतुसंसर्ग असल्याची नोंद. बोलता न येणाऱ्या माणसाची तक्रार कुणीतरी नोंदवून घेतली होती.

औषधांच्या बाबतीत काकू अतिशय कडक आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत, आणि वहीत औषधाच्या नावापुढे ‘थेंब’ की ‘सिरप’ हे लिहितातच. पॅरासिटामॉलचे बाळांसाठीचे थेंब मिळतात त्यात बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १२०. म्हणजे मिलीला मिली धरलं तर थेंबांची ताकद सिरपच्या चौपट. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून गेलं तर काय होईल, हे प्रत्येक पाळणाघराच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं.

अकराला खाण्याची वेळ. पाच वाट्या, पाच रंगांची झाकणं. नाचणीचं सत्त्व, मऊ भात नि वरणाचं पाणी, कुस्करलेलं केळं, भोपळ्याचा लगदा. मावशी, म्हणजे मदतनीस, दोन बाळांना समोर घेते, काकू दोघांना, पाचवं तोवर झोपवलेलं असतं. वेळापत्रक तसंच आखलेलं आहे. एक चमचा याला, तो गिळेपर्यंत दुसरा चमचा त्याला. घाई नाही. सहा महिन्यांच्या बाळाला घास म्हणजे काय हे नुकतंच कळायला लागलेलं असतं. ते जिभेने तो बाहेर ढकलतं, आणि बघणाऱ्याला वाटतं नको म्हणतंय. काकू तोच घास पुन्हा चमच्यावर घेऊन ओठाशी धरून थांबतात. मी पाहिलं त्या दिवशी एका मुलीने भोपळा असा सलग पाच-सहा वेळा बाहेर काढला आणि मग गिळला. काकूंनी वहीत लिहिलं : ‘भोपळा – ३ चमचे. गिळला.’ संध्याकाळी तिची आई ते वाचून हरखली.

आईचं दूध काढून आणलेलं असेल तर ते वाटी-चमच्याने किंवा जुन्या चांदीच्या बोंडल्याने देतात. बाटली धुवायला, उकळायला अवघड आणि जंतूंना घर करायला सोपी. आपल्याकडे १९९२ पासून दुधाच्या बाटल्यांची आणि बाळाच्या दुधाच्या पावडरींची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, तरी बाळंतविड्यात बाटली येतेच.

बाळगुटीचा वाद मात्र दर वर्षी नव्याने होतो. आजी सहाण आणि पुडी घेऊन येतात : वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, हिरडा, ज्येष्ठमध, आणि मधाची छोटी बाटली. काकू आजींशी भांडत नाहीत. ‘आजी, गुटी तुम्ही घरी उगाळा, तो तुमचा मान. पण मध वर्ष होईपर्यंत नको बरं का.’ कारणही सांगतात : मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते सहज परतवतं, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र त्यांचं विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात. काही आजी ऐकतात, काही रुसतात. मी पाहिलेल्या आजींनी मध पिशवीत परत ठेवला आणि म्हणाल्या, ‘आमच्या वेळी कोण सांगत होतं?’

आता एक प्रश्न. सहा महिनेच का? आणि दीड वर्षच का?

सहा महिन्यांचं उत्तर कायद्यात आहे. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. त्याने नोकरदार बाईला बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. जुन्या पाळणाघरवाल्या बायकांना विचारलं की त्या लगेच सांगतात, पूर्वी खासगी नोकरीतल्या मुलींची बाळं तीन महिन्यांची, मानही न धरणारी यायची. आता पाच-सहा महिन्यांची येतात. सव्वीसपैकी आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्या आधी घेतात त्यांची बाळं लवकर येतात, ज्या नवव्या महिन्यापर्यंत लोकलने जातात त्यांची उशिरा. काकू मुलींना सांगतात, शक्य असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर रजा पुढे राखून ठेवा. सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू होतं, आणि आठव्या-नवव्या महिन्यातली परक्या माणसाची भीती अजून आलेली नसते. त्या भीतीच्या आधी जे माणूस ओळखीचं झालं ते घरचं होतं. नवव्या महिन्यात पहिल्यांदा आलेलं बाळ आठ-आठ दिवस दाराकडे तोंड करून रडतं, कारण आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे त्याला आता कळलेलं असतं.

या रजेमागे मुंबईचा मोठा इतिहास आहे. देशातला पहिला मातृत्व लाभ कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला. त्याच्या विधेयकावर १९२८ च्या जुलैत मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळी गिरणीत जाणाऱ्या बायका मागे राहिलेलं बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. त्या क्रूर होत्या म्हणून नव्हे. खोलीत दुसरं माणूस नव्हतं. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांच्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं; नंतर ही अट तीसहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांना लागू झाली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटून येण्याची मुभा दिली.

चार वेळा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कारखान्याचं आवार होतं. वांद्रे-कुर्ला संकुलात काम करणारी आई डोंबिवलीहून सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळच्या लोकलच्या डब्यात कशी चढणार? तिला कचेरीखालचं पाळणाघर दिलं तरी तिथवर बाळ न्यायचं कसं, हा प्रश्न उरतोच. म्हणून मुंबईच्या उपनगरांत बाळ घराजवळ राहतं आणि आई तीस-चाळीस किलोमीटरवर. काकूंचा दिवस त्यामुळे बारा तासांचा होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल बंद पडल्या, तेव्हा त्यांच्याकडची मुलं रात्रभर तिथेच होती. दूध संपलं तेव्हा शेजारच्या बाळंतिणीने आपलं दूध वाटीत काढून दिलं. त्या दिवसापासून प्रत्येक बाळाची दोन दिवस पुरेल एवढी शिदोरी, कपडे आणि पेज करण्याचं सामान त्या कपाटात ठेवतात.

दीड वर्षाचं उत्तर कायद्यात नाही. ते पायांत आहे. बाळ चालायला लागतं, मग पडता पडता सावरतं, मग एक दिवस वळून धावतं. ज्या दिवशी ते धावत दारापर्यंत जाऊन परत येतं, त्या दिवशी काकू आईला सांगतात, ‘दोन महिन्यांत दुसरीकडे बघ गं.’ आया विनवण्या करतात. ‘काकू, दोन वर्षांचा होईपर्यंत तरी ठेवा. तुमच्याशिवाय तो कुणाकडे जेवत नाही.’ काकूंना ते खरं आहे हे माहीत असतं, तरी त्या ऐकत नाहीत. एकाला ठेवलं की सगळ्यांना ठेवावं लागतं, आणि हॉल पुन्हा होता तसा होतो.

ही मुलं वर्षभर त्यांच्या कुशीत झोपतात आणि पुढे त्यांना ओळखत नाहीत. या वयातलं काहीच मागे आठवत नाही. काकूंना बाजारात आई भेटते, बरोबर चार वर्षांचा मुलगा. ‘अरे, या काकू कोण माहितेय?’ मुलगा आईच्या ओढणीमागे लपतो. ‘पहिल्या पहिल्यांदा घरी येऊन रडायचे,’ त्या म्हणतात. ‘आता बघते, दात कसे आलेत, पाय सरळ पडतायत ना.’ या वयाचं काम करणाऱ्या प्रत्येक बाईने मला ही गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. शिक्षकाला विद्यार्थी मोठेपणी येऊन भेटतात. यांना कुणी येत नाही.

कर्वेनगरातल्या एका ताईंचं पाळणाघर दीड ते तीन वर्षांच्या मुलांचं आहे. तिथे दार उघडलं की आवाज. चावणं, ओढणं, ‘माझं माझं’, शी-शूची सवय, दर पाच मिनिटांनी भांडण. ताई दिवसभर उभ्या असतात. ‘तान्ही बाळं मला जमत नाहीत, भीती वाटते,’ त्या म्हणाल्या. ‘ही मला समजतात. रागावली की रागावली, हसली की हसली.’ मुलुंडला एक आजी-आजोबा फक्त शाळेत जाणारी मुलं घेतात. दुपारचं जेवण, गृहपाठ, खाली खेळायला सोडणं. ही तीन कामं एकमेकांपासून जितकी वेगळी आहेत, तितकी बालवाडी आणि महाविद्यालयही नसतील. तरी आपण तिन्हींना एकाच पाटीखाली, एकाच बाईकडे, एकाच पगारात बसवतो.

याच्या उलट बाजूलाही जोर आहे, तोही मांडायला हवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला विकासवाडीचा प्रयोग केला, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवली. कारण आदिवासी पाड्यांवर मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती. तिच्या कडेवर भावंडं असायची. भावंडाला शेजारच्या दालनात जागा मिळाली की बहिणीच्या हातात पाटी येई. मोठी मुलं धाकट्यांना सांभाळतात, धाकटी मोठ्यांकडे बघून शिकतात, हे खरंच आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीला बांधकामांवरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं, पुढे १९७२ पासून मुंबईतही ते काम उभं राहिलं; तिथेही तान्ह्या बाळापासून मोठ्या मुलापर्यंत सगळी एकाच जागी येतात, कारण आई एकच असते. पण या ठिकाणी वयानुसार वेगळी दालनं असतात, प्रत्येक दालनात वेगळी माणसं असतात. वन-बीएचकेमध्ये दालन कुठून आणायचं? तिथे वय कमी करणं एवढाच उपाय बाईच्या हातात उरतो.

फक्त तान्ह्या वयावर काम करणाऱ्यांत एमी पिक्लर हे नाव मला या संदर्भात सतत आठवत राहिलं. हंगेरीतल्या या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर, युद्धात आईबाप गमावलेल्या बाळांसाठी घर सुरू केलं. त्यांचा आग्रह दोन गोष्टींवर होता. एक, लंगोट बदलणं, अंघोळ, भरवणं ही उरकायची कामं नाहीत. बाळाशी माणसाचं खरं बोलणं तिथेच होतं, म्हणून त्या वेळी पूर्ण लक्ष त्याच्याकडे. दोन, बाळ आपण होऊन बसेपर्यंत त्याला बसवू नये, उभं राहीपर्यंत उभं करू नये. मोकळी जमीन द्यावी आणि वाट पाहावी. काकूंनी हे नाव ऐकलेलं नाही, पण लंगोट बदलताना त्या बाळाला सांगतात, ‘आता पाय वर घेते हं राजा,’ आणि क्षणभर थांबतात. बाळ पाय वर घेतं. वॉकर त्या आपल्या घरात येऊ देत नाहीत. आपला जुना पांगुळगाडा उभ्या राहिलेल्या बाळाने ढकलायचा असतो. वॉकरमध्ये उभं न राहणारं बाळ टांगलेलं असतं आणि क्षणात जिन्यापाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे ते बारशाला भेट येतात.

पैशांचा हिशेब मी त्यांच्यासमोर बसून मांडला. आकडे धरून चालायचे, पण धरलेले आकडे खऱ्याच्या जवळचे आहेत. पाच बाळं, प्रत्येकी महिना सात हजार : पस्तीस हजार. मावशीचा पगार बारा हजार. गॅस, वीज, भाज्या, फळं, धुणं, फिनेल, हातमोजे मिळून पाच हजार. उरले अठरा हजार. घर स्वतःचं म्हणून भाडं नाही. असतं तर काही उरलं नसतं. रोजचे बारा तास. बाळ जास्तीत जास्त वर्षभर राहतं, म्हणजे दर अडीच महिन्यांनी एक जातं आणि नवं शोधावं लागतं. मध्ये जागा रिकामी राहिली की तेवढी मिळकत बुडते. त्याच हॉलमध्ये तीन ते सहा वर्षांची पंधरा मुलं चार हजार फीवर बसवली तर साठ हजार येतात, आणि पंधराही जणांना आपल्या हाताने जेवता येतं. म्हणूनच ज्या बाईला दोन पैसे मिळवायचे आहेत ती दोन-चार वर्षांत प्ले-ग्रुपकडे वळते. मांडीवरच्या वयाला जागा कमी पडते ती अशी.

आणि मागणी इतकी आहे की मुली दिवस राहिल्याचं कळताच फोन करतात. ‘काकू, अजून सासूबाईंनाही सांगितलं नाहीये, पण एक जागा धरून ठेवाल का?’ इमारतीतल्या बायकांच्या आधी, कधी नातेवाइकांच्याही आधी, काकूंच्या वहीत बाळाची नोंद होते.

सरकारची यंत्रणा या वयाला ओळखते ती बहुतेक पोषणापुरती आणि लसीपुरती. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये आली, अंगणवाड्या उभ्या राहिल्या. पण अंगणवाडीत दिवसा येऊन बसायचं वय तीन ते सहा. तीनच्या खालच्यांना घरी न्यायचा आहार. २०२० चं शैक्षणिक धोरणही पायाभूत टप्पा तीन वर्षांपासून मोजतं. ‘पाळणा’ योजनेत २०२२ पासून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरं आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढायचं ठरलं आहे. शहरातल्या नोकरदार आईच्या रस्त्यावर ती अजून दिसत नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक कार्यकर्ती असा हिशेब आहे. दहा! काकू आणि मावशी मिळून पाच सांभाळतात आणि संध्याकाळी दोघींची कंबर धरलेली असते. वर्षाचं बाळ साधारण नऊ किलोचं असतं. दिवसभरात ते किती वेळा उचलावं लागतं याचा विचार हे आकडे ठरवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला वर्षाखालचं साधारणपणे एकच बाळ घेता येतं. कॅलिफोर्नियात छोट्या घरगुती डे-केअरमध्ये फक्त तान्हीच ठेवायची तर चारच, आणि परवान्याआधी बाळाच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सक्तीचं. सनीव्हेल, फ्रीमाँटकडच्या मराठी बायका हे काम करतात तेव्हा हे सगळं शिकून, परवाना भिंतीवर लावून करतात. डोंबिवलीतल्या बाईला शिकवायला कुणी येत नाही. पाठीवरची थापटी काकू शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडून शिकल्या होत्या, ओळखीखातर.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. सीसीटीव्हीतलं ते चित्रण राज्यभर दिसलं आणि सगळीकडे कॅमेऱ्यांची मागणी सुरू झाली. कॅमेरा असावा. पण कॅमेरा झाल्यावर सांगतो. थकलेल्या बाईच्या अंगावर किती बाळं टाकली आहेत, हे आधी विचारायला हवं. चौथं बाळ रडताना हात सैल पडतो की आवाज चढतो, ते तिच्याकडे दुसरं माणूस आहे की नाही यावर बरंचसं ठरतं.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा काकूंना आपल्या नियमाचं आणखी एक कारण सापडलं. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते. सहा ते नऊ महिन्यांची बाळं तोवर उघडी असतात. शाळेतून, क्लासमधून, बसमधून आलेली मोठी मुलं त्याच हॉलमध्ये असती तर? लसीकरणाच्या कार्डाची प्रत आता त्या पहिल्याच दिवशी मागून घेतात.

मला यातून जे वाटलं ते सरळ सांगते. एकच वय आणि ठरलेली संख्या ठेवणारी पाळणाघरं ही शहरातल्या आयांची सगळ्यात मोठी गरज आहे, आणि ती आज केवळ काही बायकांच्या हट्टावर चालू आहेत. महापालिकांनी घरगुती पाळणाघरांची साधी, विनाशुल्क नोंदणी करावी. वयानुसार संख्येची मर्यादा घालावी आणि ती तान्ह्यांसाठी दहा असू नये. प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण वॉर्डातल्या प्रसूतिगृहातच देता येईल. ज्या कंपन्यांना कायद्याने पाळणाघर द्यावं लागतं त्यांनी कचेरीखाली रिकामी खोली दाखवण्याऐवजी आईच्या घराजवळच्या नोंदणीकृत पाळणाघराची अर्धी फी भरावी. तसं झालं तर दोन बायकांनी पाच बाळं सांभाळणं परवडेल.

पालकांनी जागा बघायला गेल्यावर भिंतीवरची चित्रं बघू नयेत. विचारावं : किती बाळं, किती माणसं, वही आहे का, औषध कसं देता, शेवटचं बाळ किती वयाचं? नियम कडक असतील तर आनंद मानावा आणि फीमध्ये घासाघीस करू नये.

बाकी आपण सगळे कुठल्या ना कुठल्या सोसायटीत राहतो. वार्षिक सभेत कधीतरी विषय येतो : तळमजल्यावरच्या बाईंना पाळणाघर काढायचं आहे, ना-हरकत द्यायची का? रडण्याचा आवाज, बाबागाड्या, पाण्याचा वापर, जास्तीचा देखभाल खर्च यावर चर्चा होते आणि बहुधा नाही म्हटलं जातं. यंदा तो विषय निघाला तर त्या बाईंच्या बाजूने हात वर करा.